रोझ बेंगाल पॉझिटिव्ह, एलायझा निगेटिव्ह: खरं काय मानू?

प्रश्न: आमची होल्स्टीन गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती मीच उघड्या हातांनी काढली. ब्रुसेलोसिससाठी (गाई गाभडवणारा आणि माणसालाही लागणारा रोग) रक्त तपासलं. रोझ बेंगाल चाचणीत प्लेटवरच्या गुलाबी थेंबात बारीक गुठळ्या मी डोळ्यांनी पाहिल्या, म्हणजे पॉझिटिव्ह, पण एलायझा ही दुसरी रक्तचाचणी निगेटिव्ह आली. घरात लहान पोर आहे, झोप उडालीय.

उत्तर: दादा, रोझ बेंगाल ही चाळणी आहे, शेवटचा निकाल नव्हे. ब्रुसेलोसिसची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीलाच टोचतात. मोठ्या गाईला टोचली तर प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती) रक्तात बराच काळ राहतात आणि गुठळ्या दिसतात. उलट, गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त कधी कधी रोग लपवतं. ३ आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या. तोवर गाय वेगळी बांधा.

उत्तर: आधी स्वतःचं रक्त तपासा! मला झाला होता ब्रुसेलोसिस. संध्याकाळी ताप, रात्री घामाने उशी ओली, कंबर धरलेली. मलेरिया, टायफॉइड सगळं तपासलं. गुरांत काम करता का, हे कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांना तुम्हीच सांगा. दूध उकळूनच प्या.

प्रश्नकर्ता: आत्ता आठवलं, विकत आणली तेव्हा व्यालेलीच होती आणि विकणाऱ्याने तेव्हाच लस टोचून दिली होती. माझं रक्त उद्याच देतो.