सेंट्रेलियाच्या उद्यानातली दोन स्मारकं: तिसरा फलक हवा की नको?

रानवाट

सिएटलहून पोर्टलंडला जाताना साधारण अर्ध्या वाटेवर वॉशिंग्टन राज्यातलं सेंट्रेलिया लागतं. आपल्यातले बरेच जण तिथे कॉफीपुरते थांबतात आणि पुढे निघतात. पुढच्या वेळी गावात शिरून जॉर्ज वॉशिंग्टन उद्यानात जाऊन या. (हा वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष नव्हे. गुलाम बापाचा हा मुलगा एका गोऱ्या जोडप्याने वाढवला. कृष्णवर्णीयांना तेव्हा इकडे वस्ती करायला कायद्याने बंदी होती, म्हणून त्याची जमीन आधी त्या पालकांच्या नावावर होती. १८७५ मध्ये त्याने हे गाव आखलं आणि १८९३ च्या मंदीत पदरमोड करून तगवलं. त्याच्यावर वेगळा धागा काढायला हवा.)

उद्यानात १९२४ साली बसवलेला ‘सेंटिनल’ हा सैनिकाचा पुतळा आहे. त्यावर ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेतल्या चौघांची नावं आहेत: ग्रिम, मॅकएल्फ्रेश, कॅसाग्रांडा आणि हबर्ड. ११ नोव्हेंबर १९१९ ला, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या पहिल्या वर्षदिनी, त्यांचं संचलन आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या, म्हणजे ‘वॉब्लीं’च्या, कार्यालयापाशी थांबलं आणि गोळ्या सुटल्या. तिघांना तिथे गोळ्या लागल्या. चौथा, हबर्ड, वेस्ली एव्हरेस्ट या वॉब्लीचा नदीपर्यंत पाठलाग करताना त्याच्याच गोळीने मेला. त्या रात्री जमावाने एव्हरेस्टला तुरुंगातून ओढून काढलं आणि चेहालिस नदीवरच्या पुलाला टांगलं. या झुंडबळीसाठी आजवर एकावरही खटला चाललेला नाही.

पुतळ्यावर कोरलंय की ते चौघे ‘शांततापूर्ण संचलनात’ असताना मारले गेले. एव्हरेस्टबद्दल अक्षर नाही. १९९७ मध्ये उद्यानासमोरच्या इमारतीवर त्याचं भित्तिचित्र आलं, पण ती भिंत खाजगी. वॉब्लींचा फलक थेट उद्यानात बसायला २०२३ उजाडलं.

आता दोन दगड दोन बाजू सांगतात आणि अनोळखी माणसाला नेमकं काय घडलं ते कळत नाही. माझं म्हणणं असं की शहराने स्वतःच्या नावाने तिसरा फलक लावावा. त्यात घटना क्रमाने याव्यात, आणि जिथे वाद आहे तिथे ‘वाद आहे’ असं लिहावं. पुतळ्याला हात लावू नये.

साक्षेपी

मला हे पटत नाही. स्मारक म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. जे चौघे मेले ते युद्धावरून परतलेले तरुण होते, त्यांच्या माणसांनी आणि गावाने तो पुतळा उभारला. तुम्ही पुतळ्याला हात लावणार नाही म्हणता, पण शेजारी ‘इथे लिहिलंय ते वादग्रस्त आहे’ असा सरकारी फलक लावणं म्हणजे हात लावणंच झालं. उत्तरक्रिया चाललेल्या घरात कुणी उलटतपासणी घेत नाही.

कामगार संघटनेला तिची बाजू मांडायची होती, तिने रीतसर परवानगी घेऊन, वर्गणी काढून फलक लावला. मला तो मार्ग योग्य वाटतो. ज्याचं दुःख त्याने सांगावं. शहराने निवाडा करायला बसू नये. आणि इथल्या, म्हणजे लुईस काउंटीतली आजची माणसं काय म्हणतात, हा प्रश्न तुमच्या लेखात कुठेच नाही. आपण हायवेवरून जाणारी मंडळी.

टाचण

माझा विरोध उलट बाजूने आहे. रानवाट, तुमचा तिसरा फलक दोन्ही बाजूंना समान माप देणार, आणि इथे मापं समान नव्हती.

संचलनातले चौघे गेले, त्या प्रकरणी वॉब्लींवर १९२० मध्ये माँटेसानो गावी खटला चालला. त्या काळात कोर्टाबाहेर लष्कराच्या तुकड्या तळ ठोकून होत्या. सात वॉब्लींना दुसऱ्या दर्जाच्या खुनासाठी २५ ते ४० वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरींनी सौम्य शिक्षेची विनंती केली होती. त्यांतल्या काहींनी पुढे शपथेवर लिहून दिलं की आम्हाला सगळं कळलं असतं तर आम्ही दोषी ठरवलं नसतं. एक कैदी तुरुंगातच वारला आणि शेवटचा, रे बेकर, १९३९ मध्ये सुटला. दुसऱ्या पारड्यात तुरुंगातून काढून मारलेला माणूस आहे आणि शून्य आरोपी.

हा एव्हरेस्ट स्वतःही सैन्यात होता. विमानांसाठी स्प्रूसचं लाकूड तोडायला लष्कराने जे दल इथल्या जंगलांत उतरवलं, त्यात. म्हणजे पुतळ्यावरच्या ‘ज्या देशाची सेवा केली’ या ओळीत तोही बसतो. ‘वाद आहे’ हे शब्द गोळी आधी सुटली की वॉब्लींच्या कार्यालयाचा दरवाजा आधी फुटला याला लागू पडतात. पुलाला ते लागू पडत नाहीत. शहराने फलक लावायचाच असेल तर त्यात आपल्या ताब्यातल्या कैद्याचा जीव राखता आला नाही याची कबुली हवी. नाहीतर नको.

साक्षेपी

टाचण, पुलावर जे झालं त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण वॉब्लींनी समोरच्या इमारतींत आणि टेकडीवर बंदूकधारी माणसं आधीच बसवली होती, हेही त्याच फलकावर यायला हवं. एव्हरेस्टच्या छळाचे जे तपशील नंतर पत्रकांतून पसरले त्यांतल्या काहींवर आजही संशोधकांत मतभेद आहेत. कबुलीचा फलक लिहिणारा माणूस हे सगळं लिहील का? मला शंका आहे.

टाचण

जरूर लिहावं. आणि माणसं का बसवली होती तेही. १९१८ मध्ये रेडक्रॉसच्या मिरवणुकीतल्या लोकांनी त्यांचं आधीचं कार्यालय फोडलं, सामान रस्त्यावर जाळलं आणि माणसांना गावाबाहेर हाकललं. १९१९ ला पुन्हा तेच होणार अशी चर्चा गावभर होती. त्यांनी पोलिसांकडे आणि वकिलाकडे धाव घेतली होती.

धुराडं

तुम्ही तिघेही त्या एका दुपारवर भांडताय. लाकडाच्या काउंटीबद्दल बोलताय आणि लाकूड कुठेच नाही.

ही माणसं वॉब्ली का झाली? ओंडके तोडणाऱ्याला स्वतःची पथारी पाठीवर घेऊन एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात जावं लागे. उवांनी भरलेल्या खोपट्यांत दोन-दोन मजली बाकांवर झोपायचं, दहा तास राबायचं. १९१७ च्या उन्हाळ्यात वायव्येकडची जंगलं आणि आरागिरण्या संपाने थंडावल्या. मागणी आठ तासांची. सरकारला विमानांसाठी लाकूड हवं होतं, म्हणून लष्कराने स्वतःची वेगळी कामगार संघटना काढली आणि मार्च १९१८ मध्ये आठ तास दिले, पण श्रेय वॉब्लींना मिळू नये याची काळजी घेऊन. मालक त्यांना पुन्हा पाय रोवू द्यायला तयार नव्हते. गोळीबाराचं मूळ इथे आहे.

मी स्वतः गिरणगावात वाढलो. तिथे गिरणी पाडली तरी धुराडं ठेवतात आणि खाली मॉल उभा करतात, त्यामुळे असल्या उरलेल्या खुणांकडे माझं लक्ष आपोआप जातं. याच काउंटीत ऑनालास्का गावात कार्लाइल लाकूड कंपनीचं धुराडं तळ्याकाठी उभं आहे. १९३५ मध्ये तिथे संप झाला, कामगारांना काढलं आणि प्रकरण नव्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळापर्यंत, तिथून कोर्टात गेलं. संघटना करण्याचा हक्क कागदावरून गिरणीत कसा उतरला हे त्या धुराड्याशी उभं राहून सांगता येईल. मला फलक तिथे हवा. उद्यानात आता पुरेसे दगड आहेत.

कोयनाकाठ

धुराडं यांचं बरचसं पटलं, पण जंगल कोणाचं होतं? या भागातल्या खुणा पाहिल्या तर १८५८ च्या आसपासचं क्लाक्वाटो चर्च, जॅक्सन यांचं लाकडी घर, वसाहतवाल्यांच्या वाटा. सगळं १८५० च्या आसपास सुरू होतं.

१८५५ मध्ये इथला गव्हर्नर स्टीव्हन्स याने मूळ रहिवाशांकडून जमीन घेण्यासाठी चेहालिस नदीवर कराराची सभा भरवली. चेहालिस आणि काउलिट्झ या मूळ जमातींनी सही केली नाही, कारण त्यांना आपली भूमी सोडून परक्यांच्या शेजारी जायचं नव्हतं. सही नाही तरी जमीन गेली. पुढे सरकारने रेल्वेला जमिनी दिल्या आणि १९०० मध्ये वेअरहाउझर या लाकूड कंपनीने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून या राज्यातली नऊ लाख एकर जमीन एकरी सहा डॉलरने घेतली. काउलिट्झ जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळायला २००० साल उजाडलं. वॉब्ली आणि लीजन दोघेही ज्या झाडांवरून भांडले ती झाडं करार न करता घेतलेली होती. तिसरा फलक याशिवाय सुरू झाला तर तोही अर्धवटच.

साक्षेपी

बघा, एका फलकावर किती जणांनी दावा सांगितला. १८५५, १९००, १९१७, १९१८, १९१९, १९३५. उभ्याने कोण वाचणार? म्हणूनच म्हणतो, हे काम संग्रहालयाचं आहे. चेहालिसला जुन्या रेल्वे स्थानकात काउंटीचं संग्रहालय आहे, तिथे एक दालन द्या. उद्यानात फुलं वाहायची जागा राहू द्या.

रानवाट

साक्षेपी, संग्रहालयात जो जातो त्याला आधीच जाणून घ्यायचं असतं. उद्यान वाचनालयाच्या दारात आहे, तिथे शाळेतली मुलं रोज येतात. तीच मुलं ‘शांततापूर्ण’ हा शब्द वाचतात आणि समोरच्या भिंतीवर एव्हरेस्टचं चित्र पाहतात. त्यांना मधला दुवा कोणीतरी द्यायला हवा आणि तो निवडून आलेल्या नगरपरिषदेने द्यावा, कारण कैदी त्यांच्याच तुरुंगातून गेला.

टाचण यांची अट मला मान्य आहे. धुराडं यांच्यासाठी ऑनालास्काला वेगळा फलक हवा, तो या फलकात कोंबायचा नाही. कोयनाकाठ यांचा मुद्दा मात्र याच फलकाच्या पहिल्या ओळीत यायला हवा. मसुदा असा:

‘ही चेहालिस आणि काउलिट्झ लोकांची भूमी, तिच्यासाठी करार झाला नाही. १९१८ मध्ये येथील कामगार कार्यालयावर हल्ला झाला. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी संचलन दुसऱ्या कार्यालयापाशी थांबले. आधी हल्ला झाला की गोळीबार, याबद्दल साक्षी परस्परविरोधी आहेत. चार माजी सैनिक मृत्यू पावले. त्या रात्री शहराच्या ताब्यातील वेस्ली एव्हरेस्ट, तोही माजी सैनिक, जमावाने ठार केला. शहर त्याचे रक्षण करू शकले नाही. कोणावरही खटला चालला नाही. सात कामगारांना दीर्घ तुरुंगवास झाला.’

टाचण

‘रक्षण करू शकले नाही’ काढा. ‘रक्षण केले नाही’ लिहा. मग माझी सही धरा.

साक्षेपी

आणि वॉब्लींनी बाहेर बसवलेले बंदूकधारी? ते लिहिल्याशिवाय माझी नाही.

रानवाट

दोन्ही घेतो.