मागून आणलेल्या गाडीला अपघात आणि विम्याचा दावा : तुमचे अनुभव लिहा

काल मुलीने विचारले की मैत्रिणीची गाडी दोन दिवस कोल्हापूरला नेली तर चालेल का, आणि उत्तर देण्याआधी मी कपाटातली निळी फाईल काढली. तीत 2018 सालच्या क्लेम फॉर्मची झेरॉक्स अजून आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मोठ्या दिरांची गाडी घेऊन आम्ही आईला कोरेगावहून पुण्याला आणत होतो. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर आमची गाडी रांगेत पूर्ण थांबलेली असताना मागून एक पिकअप येऊन धडकला. कोणाला लागले नाही. पण बंपर आत गेला, डिकीचे दार वाकले आणि मागच्या दिव्याचे लाल तुकडे आईच्या घेवड्याच्या पिशवीत पडले. ते निवडून काढायला आईला दोन संध्याकाळी लागल्या आणि प्रत्येक तुकडा ताटाच्या कडेला ठेवताना ती एकच म्हणायची, "दुसऱ्याची गाडी गं."

पिकअपचा चालक चूक कबूल करून जागेवरच दोन हजार रुपये देत होता. यजमानांनी ते घेतले नाहीत, कारण गाडी आमची नव्हती आणि तडजोड करण्याचा अधिकारही आमचा नव्हता. त्यांनी आधी दिरांना फोन केला, दोन्ही गाड्यांचे फोटो काढले, समोरच्याचा परवाना आणि विम्याचा कागद टिपून घेतला आणि पोलिसांत नोंद केली.

विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीने आणि वैध परवान्यावर दुसऱ्या कोणी गाडी चालवली तरी संरक्षण लागू राहते, पण दावा मालकाचा, सही मालकाची आणि पैसेही मालकालाच. म्हणजे धडक आम्हाला बसली आणि अर्ध्या दिवसाच्या रजा तीन वेळा दिरांना काढाव्या लागल्या. बिल 38,400 रुपये झाले. गाडी पाचव्या वर्षात असल्याने धातूच्या भागांवर 35 टक्के आणि प्लॅस्टिकवर 50 टक्के घसारा (भाग जुने झाल्याबद्दलची कपात) कापला गेला, वर 1,000 रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, होती. कंपनीने 22,900 दिले आणि उरलेले 15,500 आम्ही गॅरेजमध्ये भरले.

तिथे विषय संपला असे आम्हाला वाटले होते. पुढच्या वर्षी जाऊबाईंच्या बोलण्यातून कळले की दिरांचा चार वर्षांचा 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला होता. ते स्वतः याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला फार वाईट वाटले. त्या वर्षीचा संपूर्ण हप्ता आम्ही भरला, तोही त्यांनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर भरू दिला. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल, तर काय केले ते कृपया लिहावे.

(नाशिक)
ताई, घेवड्याचे वाचून गलबलून आले. चूक समोरच्याची असली तरी आपल्या पॉलिसीतून दावा केला की बोनस जातो, हे आम्हालाही मित्राची गाडी ठोकली गेल्यावरच कळले. नुकसान 6,200 रुपयांचे होते आणि मित्राचा बोनस पूर्ण 50 टक्के होता. पॉलिसीतल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा त्याचा मूळ हप्ता 9,000 होता, म्हणजे पुढच्याच वर्षी 4,500 जास्त भरावे लागले असते आणि पुन्हा 50 टक्क्यांपर्यंत पोहोचायला पाच वर्षे गेली असती. आम्ही दावा केला नाही. सगळा खर्च मी दिला आणि आमची मैत्री अजून टिकून आहे.

(ठाणे)
समोरच्याच्या विम्यातून भरपाई का घेतली नाही? चूक त्याची होती ना?

(पुणे, वीस वर्षे विम्याचे काम)
ठाण्याच्या प्रश्नाला उत्तर देते. समोरच्याच्या तृतीय पक्ष विम्यातून (म्हणजे त्याच्या गाडीमुळे दुसऱ्यांचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्यातून) वाहनाचे नुकसान मागता येते आणि खासगी गाडीच्या पॉलिसीत त्याची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख रुपये असते. परंतु ते मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे मागावे लागते आणि तिथे वेळ जातो. त्यामुळे पंचवीस-तीस हजारांच्या कामासाठी बहुतेक मालक स्वतःच्याच पॉलिसीवर दावा करतात. प्राधिकरणाकडे जायचे असेल तर 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची तरतूद लागू आहे, म्हणून विचार करण्यात दिवस घालवू नयेत.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. गाडी कोण चालवत होते हे फॉर्मवर खरेच लिहावे. "मालकच चालवत होते असे लिहूया, म्हणजे प्रश्न येणार नाहीत" असा सल्ला गॅरेजमधूनही दिला जातो, पण पोलिसांच्या नोंदीत वेगळे नाव निघाले की मंजूर होण्यासारखा दावाही खोट्या माहितीमुळे फेटाळला जातो. भाडे दिले होते का, हे नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर विचारतोच. नातेवाइकाच्या गाडीत आपण पेट्रोल भरले, तर ते भाडे होत नाही.

(फोंडा)
भाड्याच्या मुद्द्यावर माझा अनुभव कडू आहे. घरी लग्न असल्यामुळे ओळखीच्या एका गृहस्थांची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी दिवसाला 1,500 रुपये देऊन घेतली होती. उभ्या गाडीला बसने घासले. आमची काहीही चूक नव्हती, तरीही खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून दावा फेटाळला गेला. आमच्याकडे भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात, हे लहान मुलालाही माहीत आहे. लग्नाच्या घाईत आम्ही तिकडे लक्षच दिले नाही. दुरुस्तीचे पैसे आम्ही दोन हप्त्यांत दिले.

(नागपूर)
मित्राने जुनी गाडी घेतली होती. आरसी त्याच्या नावावर झाली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली होती. मी ती वर्ध्याला नेली आणि परत येताना उलट्या बाजूने आलेल्या ट्रॅक्टरने दार कापत नेले. तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, परंतु स्वतःच्या नुकसानीचा भाग 14 दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो, हे आम्हाला दावा नाकारल्याच्या पत्रातून समजले. तेव्हापासून कोणाचीही किल्ली हातात घेण्यापूर्वी मी आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून दोन्हींवरचे नाव वाचतो. समोरच्याला थोडे विचित्र वाटते, पण मी वाचतो.

(सांगली)
सर्वांनी गाडीबद्दल लिहिले, मी माणसाबद्दल लिहिते. माझा धाकटा भाऊ मित्राची गाडी चालवत असताना दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि त्याचा पाय मोडला. मालक-चालकासाठी जो 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालकाचा असतो, गाडी मागून नेणाऱ्याचा नसतो. आमच्या वकिलांनी जानेवारी 2020 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला दिला. गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा असतो, त्यामुळे त्याच गाडीच्या मालकावर व विमा कंपनीवर तृतीय पक्ष म्हणून दावा लावून भागत नाही. ज्या वाहनाची चूक आहे, त्याच्या मालकाला आणि विमा कंपनीला प्रतिवादी करावे लागते. आम्ही तसेच केले. त्या गाडीचा क्रमांक भावाने रस्त्यावर पडल्या पडल्या हाताच्या तळव्यावर लिहून ठेवला होता, म्हणून ते शक्य झाले.

(नाशिक)
सांगलीच्या ताई, भावाचा पाय आता कसा आहे?

(सांगली)
चालतो आहे. पाऊस आला की दुखतो.

(धागा सुरू करणारी)
सर्वांचे मनापासून आभार. आज मुलीच्या मैत्रिणीला फोन करून पॉलिसीचा फोटो मागवला. झिरो डेप आहे, म्हणजे घसारा कापला जाणार नाही, नावही तिचेच आहे, पण बोनस वाचवणारे वेगळे कलम घेतलेले नाही. मुलीला म्हटले, जायचे असेल तर जा. पण काही झाले तर तिचा बोनस आपण भरून द्यायचा, हे तिला निघण्याआधीच सांग. ती आता तिच्याशी बोलते आहे.