मदत हवी आहे: फ्रेंच सायकलपटू तिबो पिनोच्या शेवटच्या रेसचं पूर्ण रेकॉर्डिंग

नमस्कार मंडळी, कुणाकडे २०२३ च्या इल लोम्बार्दिया या इटलीतल्या सायकल रेसच्या पूर्ण प्रक्षेपणाची लिंक आहे का? म्हणजे ७ ऑक्टोबरची कोमो ते बर्गामो रेस, तिबो पिनोची शेवटची. हायलाइट्स खूप मिळतात पण त्यात सगळा पोगाचारच आहे, साहजिक आहे म्हणा, त्याने सलग तिसऱ्यांदा जिंकली, पण मला पिनो बघायचाय. बर्गामोच्या वरच्या जुन्या गावात चढावर त्याचे फॅन्स फ्रान्सहून येऊन थांबले होते, नुसता आरडाओरडा आणि धूर, तो तिथून जातो तेवढा भाग तरी सलग हवाय.

माझ्या बाबांसाठी शोधतेय. २०१९ ला आम्ही दोघं टूर द फ्रान्स बघायचो, तूरमाले डोंगरावरची स्टेज (त्या दिवसाचा टप्पा) पिनोने जिंकली तेव्हा बाबा सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होते, आणि सहाच दिवसांनी मांडीच्या दुखापतीने तो रेस सोडून रडत रडत गाडीत बसला तेव्हा बाबांनी टीव्हीच बंद केला. टूर त्याला कधीच मिळाली नाही, पण लोम्बार्दिया त्याने २०१८ मध्ये जिंकलेली, म्हणून शेवट तिथेच केला हे मला फार आवडलं. आणि अख्खं करिअर एकाच टीममध्ये!

भारतातून दिसेल अशीच लिंक द्या प्लीज, पैसे भरावे लागले तरी चालेल. कॉमेंट्री कुठल्याही भाषेतली चालेल. बाबांचा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे, त्याच्या आत मिळालं तर खूप बरं होईल.