ऑनलाइन पोकर आणि घरातली मुलं : सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

यवतेश्वर_घाट (धागा सुरू करतेय)

२२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून पोकर खेळायची आपल्याकडची अ‍ॅप्स पटापट बंद झाली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आमच्या सोसायटीत 'चला, सुटलो' म्हणणारे होते, तसे 'आता रात्री करायचं काय' म्हणणारेही होते.

विषय संपला असं मला वाटत नाही. लॉकडाऊनपासून ज्या घरांत हा खेळ रोज चालला, त्या घरांतली मुलं त्याच वर्षांत बालवाडीतून चौथीत गेली. हार-जीत मला यात दुय्यम वाटते, जिंकणाऱ्यांच्या घरीही भांडणं झालेली मी पाहिली आहेत. पेच वेळेचा आहे. पोकरची टेबलं भरतात संध्याकाळी सातनंतर, आणि नोकरदार आईबापांच्या वाट्याला मूल येतं तेही सातनंतरच.

म्हणून हा धागा. खेळणाऱ्यांनी लिहा, त्यांच्या नवऱ्या-बायकोंनी लिहा, मोठ्या झालेल्या मुलांनी तर जरूर लिहा. जुगार की कौशल्य हा वाद इथे नको, नव्या कायद्यानेही तो फरक बाजूला ठेवलाय. अ‍ॅपची आणि माणसांची नावं टाळा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. ती टप्प्याटप्प्याने उघडतात आणि दर टप्प्याला पैसे लावायची फेरी होते.

एमआयडीसी_सातारकर

शिफ्टची नोकरी, एक मुलगी. ती झाली तेव्हा मी टूर्नामेंट खेळायचो. टूर्नामेंट रात्री आठच्या सुमाराला सुरू होते, पुढे बराच वेळ लेट रजिस्ट्रेशन चालू असतं, आणि फायनल टेबलपर्यंत पोचलात तर घड्याळात एक-दोन वाजलेले असतात. मधे उठता येत नाही. तुम्ही जागेवर असा-नसा, ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम) कापले जातातच आणि दर काही मिनिटांनी वाढतातही. चाल करायला मोजके सेकंद. तासाला पाच मिनिटांचा ब्रेक मिळतो, पण तान्ह्या मुलाचं रडणं त्या ब्रेकची वाट बघत नाही.

कॅश टेबलावर तसं नसतं. 'सिट आउट' दाबायचं आणि उठायचं, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, आहेत तेवढ्याच राहतात. मुलगी रांगायला लागली तशा टूर्नामेंट सोडल्या आणि लहान कॅश टेबलांवर आलो. बायकोशी बसून ठरवलं. मुलगी झोपेपर्यंत फोन कपाटावर. पगार झाला की ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात, त्याचं पासबुक तिच्याकडे, रक्कम संपली की त्या महिन्याचा खेळ संपला. पहाटेच्या शिफ्टच्या आदल्या रात्री खेळ नाही. आणि जिंकलेले पैसे घरखर्चात धरायचे नाहीत, हे कलम तिचं. सगळ्यांत कामाला आलं ते हेच. चांगला खेळणारा माणूसही हजारो हात (एकदा पानं वाटली की एक हात) तोट्यात राहू शकतो. आम्ही त्याला व्हेरियन्स म्हणतो. शाळेची फी त्याच्यावर सोडता येत नाही.

एवढं करूनही एक गोष्ट नियमात बसली नाही. दोन एक्के विरुद्ध दोन राजे अशी झुंज झाली की पाचातल्या चार वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या एका वेळेला शेवटच्या पानावर राजा येतो आणि तो हात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत डोक्यात खेळला जातो. मुलगी स्कूल बसची वाट बघत काहीतरी सांगत असते आणि बापाचं लक्ष त्या राजाकडे. फोन कपाटावर ठेवून हे थांबत नाही. मी एक वही केली, झोपायच्या आधी हात त्यात लिहून काढायचो. लिहिला की बराचसा सुटायचा.

मिरजेची_सून

पासबुक बायकोकडे, हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी मला सगळं कळलं ते मुलाकडून. पहिलीत होता. गणपतीची आरास करताना मला म्हणाला, "आई, पप्पा ऑल-इन गेले की बोलायचं नसतं." ऑल-इन म्हणजे समोरचे सगळे पैसे एकदम लावणं. घरात त्याला कुणी असं बजावलं नव्हतं. बघून बघून त्यानं स्वतःच नियम बनवला होता.

ह्यांना दारू नाही, तंबाखू नाही, पगार घरात देतात. त्यामुळे सासरी-माहेरी कुणापाशी बोलायला गेलं की एकच उत्तर, "घरातच असतो की गं, बाहेर तर जात नाही!" होते घरातच. पण पोराला ताप असताना थर्मामीटर बघायला दोन-तीन हाका माराव्या लागायच्या. हे तक्रार म्हणून सांगितलं तर फार किरकोळ वाटतं, आणि रोज घडत असेल तर किरकोळ राहत नाही.

कायदा आला, अ‍ॅप बंद झालं, शिल्लक बँकेत परत आली. काही आठवडे छान गेले. मग कुणीतरी ह्यांना 'क्लब' दाखवला. परदेशी अ‍ॅप, आत नुसत्या चिप्स, आणि खरा हिशेब बाहेर एका एजंटाबरोबर. या वेळी मी आवाज चढवला नाही. रविवारी जेवणं झाल्यावर कागद घेतला आणि प्रश्न लिहिले. हा एजंट राहतो कुठे? खरं नाव काय? पैसे अडकवले तर तक्रार कुणाकडे करायची? पोलिसांत गेलो तर सांगायचं काय? ह्यांच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. कागद बराच वेळ हातात धरून बसले आणि अ‍ॅप त्यांनीच काढलं.

आता रात्री ऑनलाइन बुद्धिबळ खेळतात. तेही मला फार आवडतं असं नाही. पण मुलगा शेजारी बसून बघतो, मधेच "घोडा हलवा ना पप्पा" म्हणतो, आणि त्याला कुणी गप्प करत नाही.

विश्रामबाग_करसल्लागार

पैशाची बाजू सांगतो, कारण जोडपी माझ्यासमोर बसून यावर भांडली आहेत.

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस लागू झाला, पैसे काढताना किंवा वर्षअखेरीला. १०,००० रुपयांपर्यंतची आधीची सवलत गेली. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी हा कर लागतो. खर्चाची वजावट नाही, आणि एका वर्षीचा तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या रकमेवरच २८ टक्के जीएसटी आला. शिवाय रेक, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून अ‍ॅप कापून घ्यायचं तो वाटा. एवढी गळती सोसून नियमित फायद्यात राहणारे फार थोडे.

नवरा सांगतो, "इतके जिंकले." एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं वर्षाचं माहितीपत्रक काढलं की टीडीएस दिसतो, म्हणजे जिंकले हे खरंच. पण त्याच वर्षात भरले किती, हे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये असतं आणि ते कुणी उघडत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून दोघांनी मिळून वाचा. या उत्पन्नाला आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, हेही लक्षात असू द्या. बंदीच्या आधीच्या वर्षांचा हिशेब अजून निघू शकतो.

कराडची_लेक

मी मुलगी म्हणून लिहितेय, आता कॉलेजात आहे. पप्पांनी मला पत्त्यांवर संभाव्यता शिकवली. ५२ पानांतून हातात दोन्ही एक्के येण्याची शक्यता २२१ मध्ये १, हे ४/५२ गुणिले ३/५१ करून मी शाळेत तो धडा यायच्या आधीच काढायचे. आज संख्याशास्त्र घेतलंय, त्यात पप्पांचा वाटा मोठा आहे. आम्ही दोघं संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जायचो आणि गप्पा याच असायच्या. त्या संध्याकाळी मला अजूनही प्रिय आहेत.

पण घरातलं हवामान खेळावर ठरायचं. जिंकले की रात्री गाडी काढून आइस्क्रीम. हरले की "पंखा कुणी चालू ठेवला, बिल कोण भरणार?" तेव्हा मला वाटायचं की हे माझ्यामुळे होतंय. माझे मार्क, माझा पसारा, माझं मोठ्यानं बोलणं. पप्पांच्या रागाचं कारण मोबाइलमध्ये असेल हे सात-आठ वर्षांच्या मुलीला कुठून कळणार? खेळणाऱ्या आईबाबांना माझं एवढंच मागणं आहे. त्या क्षणी मुलाला सांगा, "मी चिडलोय ते खेळामुळे, तुझ्यामुळे नाही." मला हे कुणी सांगितलं असतं तर कितीतरी रात्री मी शांत झोपले असते.

आबा_कोरेगाव

(नातीकडनं टाइप करून घेतोय.) पोराचं पोकर मला कळत न्हाई. आमच्यात दिवाळीला तीन पत्ती व्हायची. लक्ष्मीपूजन झालं की ओसरीवर डाव मांडायचा, समदी बघायला. भाऊबीजंला पत्तं गुंडाळून फडताळात, ते पुढल्या दिवाळीपत्तोर. ह्या मोबाइलातल्या डावाला भाऊबीज हाय का? म्या पोराला शिव्या दिल्या न्हाईत, पोरगं कष्टाळू हाय. फकस्त उसाचं बिल आलं की निम्मं सुनंच्या नावानं ठेवपावतीत घातलं. आधी रुसलं. रुसू दे. नातीचं शिक्षान त्यातनंच चाललंय.

वाईकरीण

आतापर्यंत खेळणारे सगळे बापच आलेत. मी आई आहे आणि आमच्या घरात खेळणारी मीच.

दोन मुलं, सकाळचे दोन डबे, शिवाय शिकवण्या. रात्री भाजी निवडून ठेवली की साडेदहाला मी अगदी कमी पैशांच्या टेबलावर बसायचे. तो तास माझा होता. त्यात मला कुणी आई, वहिनी, मॅडम म्हणत नव्हतं आणि समोरचा ब्लफ मारतोय का एवढाच विचार डोक्यात असायचा. मला त्याची लाज वाटत नाही. नवरा क्रिकेटच्या फँटसी टीममध्ये पैसे लावायचा, त्याला कधी कुणी विचारलं नाही. बाईनं रात्री अकराला फोन घेऊन बसायचं म्हटलं की आधी बसण्यावरच प्रश्न, किती लावते ते नंतर. आबांच्या सुनेच्या नावानं पावती होते हे उत्तमच, पण घरातल्या बाईलाही विरंगुळा हवा असतो, हे या धाग्यात कुणीतरी म्हणायला हवं होतं.

अ‍ॅप बंद झाल्यावर फुकटच्या चिप्सवर खेळून पाहिलं. मजा नाही. फुकट असलं की कुणी फोल्डच करत नाही, म्हणजे पानं टाकून डाव सोडत नाही, पहिल्या हाताला सगळे ऑल-इन. मग आम्ही चार मैत्रिणींनी घरीच पत्ते काढले. पैसे नाहीत, चिंचोके. मुलं आजूबाजूलाच असतात.

मिरज_समुपदेशक

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. वाईकरताईंचा तो तास आणि मिरजेच्या ताईंच्या घरातलं प्रकरण, दोन्ही एका मापाने मोजू नका. जुगाराचा विकार हे वैद्यकीय निदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही ते आहे. त्यात अमुक हजार घालवले म्हणजे आजार, असा आकडा कुठेच नाही. मी विचारते ते हे : हरलेले परत मिळवायला पुन्हा बसता का? रक्कम वाढवत न्यावी लागते का? घरच्यांशी खोटं बोलता का? थांबवलं की चिडचिड होते का? उत्तरं बहुतेक 'हो' असतील तर ती घरातल्या शिस्तीने सुटणारी गोष्ट राहत नाही, उपचार लागतात. टेलि-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. बायकोने किंवा आईने फोन केला तरी चालतो.

हळदबाजार_सांगली

मार्केट यार्डात अडतीवर काम करतो, दिवसभर फोन कानालाच. सासुरवाडी कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि ८.३० ला पुन्हा वाजेपर्यंत मोबाइल-टीव्ही बंद. मुलं पुस्तकं काढतात, मोठी माणसं बोलत बसतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हात शिवशिवत होते, कारण नेमकी तीच माझी टेबल उघडायची वेळ. पण सासऱ्यांनी फोन ठेवला, मेहुण्यानं ठेवला, मग मीही ठेवला. एकट्यानं फोन बाजूला ठेवायचा तर रोज स्वतःशी झगडावं लागतं. गावानं मिळून ठेवला की तो झगडाच राहत नाही. सांगलीत आमच्या अपार्टमेंटमध्ये भोंगा नाही, पण खालच्या मजल्यावरचे दोन बाप आणि मी असं तिघांनी ठरवून सातला मुलांना घेऊन खाली उतरायला लागलो. पावसाळ्यात जिन्यात कॅरम. ऑगस्ट २०२५ च्या आधीपासून हे चालू आहे, कायद्यासाठी थांबलो नाही.

यवतेश्वर_घाट

वाईकरीण, चिंचोक्यांचा डाव कसा मांडता ते सविस्तर लिहा ना. आमच्याकडे दोन जावा तयार आहेत.

वाईकरीण

प्रत्येकीला १०० चिंचोके. ब्लाइंड १ आणि २ पासून, मग हळूहळू वाढवत. चिंचोके वाटायचं आणि मोजायचं काम मुलांचं. संपले की त्या दिवशी बाहेर, उसने द्यायचे नाहीत, नाहीतर ब्लफला अर्थ उरत नाही. रविवारी पाचला बसतो. आठला मुलांची जेवणं असतात, तेव्हा हात कुठल्याही टप्प्यावर असू दे, पानं उलटी टाकून डाव मोडायचा. जिच्याकडे जास्त चिंचोके, ती पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी भडंग आणते.