मदत हवी आहे : दम्याचा अटॅक, मशीन जवळ नाही, लवकर सांगा

वाडीकर_बाळा :
राजापूरजवळ गावी आलोय. गणपतीसाठी बंद घर उघडलं, माळ्यावरचं सामान काढताना धूळ उडाली, त्यात भिंतींना बुरशी, आणि दम सुरू झाला. कॅप्सूल आहेत पण त्या ओढायचं मशीन पुण्याला राहिलं. मेडिकल बंद. घरात काय करता येईल ते सांगा, नुसतं 'डॉक्टरला दाखवा' लिहू नका, रेंज जातेय सारखी.

नीला_चिपळूण :
कोणाला होतंय? वय काय? आत्ता चालू आहे का? एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते आधी सांग.

काढेवाले_काका :
ओवा तव्यावर टाकून त्याची धुरी द्या. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलंय, छाती मोकळी होते.

औषधवाला :
काका, कृपा करून धुरी नको. धूर ओव्याचा असो की धुपाचा, दमेकऱ्याच्या श्वासनळ्या त्याने अजून आवळतात.

काढेवाले_काका :
मग अडुळशाचा काढा द्या. सगळ्यालाच नाही कसं म्हणता?

औषधवाला :
काढ्याने आवळलेली नळी या घडीला सुटत नाही काका. नंतर बोलू.

वाडीकर_बाळा :
आईला होतंय, ६१ वय. आत्ता चालू आहे म्हणून तर लिहितोय ना! तीन-चार शब्द झाले की थांबते. आडवं केलंय तिला. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायला देऊ का?

औषधवाला :
नको! ती पावडर श्वासातून आत जायला हवी, गिळून काही होणार नाही. आधी आईंना उठवून बसव. खुर्चीत, पुढे टेबल किंवा उशा ठेवून त्यावर हात टेकवायचे, किंचित पुढे झुकायचं, पोलकं-गळा सैल कर. त्या घरातून बाहेर पडवीत आण. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठ आवळून दिव्यावर फुंकर मारावी तसा सावकाश सोडायचा. पण याने फक्त धीर धरता येतो, अटॅक थांबत नाही. वाक्य पुरं होत नाही म्हणजे १०८ आत्ताच लाव, त्या गाडीत डॉक्टर असतो.

दर्याकिनारी :
पंपाबरोबर (इनहेलर) स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं आणि बाटलीच्या तोंडाने ओढायचं. मुलासाठी केलं होतं.

नीला_चिपळूण :
अहो, त्याच्याकडे पंपच नाहीये! बाळा, १०८ लागला का? वाडीत कोणाकडे पंप आहे का विचार, गावच्या आशाताईंना (आरोग्य कार्यकर्ती) फोन कर.

सह्याद्री_भटक्या :
कडक कोरी कॉफी द्या. ट्रेकला मित्राला दिली होती, उतार पडला.

औषधवाला :
कॅफीनने नळ्या किंचित सैल होतात हे खरं, पण फारच थोड्या. कॉफी उकळण्यात वेळ घालवू नका.

विदर्भातला_पाहुणा :
हैदराबादला मृगाला माशाचा प्रसाद देतात तो दम्यावर घेतलाय का कोणी? जावं का?

नीला_चिपळूण :
त्यासाठी वेगळा धागा काढा हो, इथे बाई आत्ता गुदमरतेय.

वाडीकर_बाळा :
१०८ ला सांगितलं, वेळ लागेल म्हणतायत. खालच्या वाडीत एका आजोबांकडे पंप आहे, सालबुटामॉल लिहिलंय. दुसऱ्याचा चालतो का?

औषधवाला :
या वेळेला चालतो, आवळलेल्या नळ्या सोडवणारं औषध तेच आहे. पंपाचं तोंड पुसून घे, तारीख बघ, हलवून घे. दर्याकिनारींची बाटली आता कामाची आहे. एकावेळी एकच पफ, त्यावर चार-पाच श्वास, मग दुसरा. असे चार. गाडीची वाट बघत राहू नका, कोणाची रिक्षा मिळाली तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघा. ओठ-नखं निळी पडली, गुंगी आली, किंवा घरघर एकदम बंद होऊन दम तसाच राहिला तर ते जास्त वाईट, बरं वाटतंय समजू नकोस.

वाडीकर_बाळा :
दिले चार. थोडं बोलतेय. शेजारचा दादा गाडी काढतोय, निघतो.

वाडीकर_बाळा :
केंद्रात नेब्युलायझर (औषधाचा फवारा श्वासातून देणारं मशीन) लावला, ऑक्सिजन पण. आता पूर्ण वाक्य बोलतेय. सिस्टर म्हणाल्या रात्रभर इथेच ठेवू. सगळ्यांचे आभार.

नीला_चिपळूण :
बरं झालं रे. आईंना परत त्या घरात नेऊ नकोस, आधी दुसऱ्या कोणाकडून झाडून-पुसून घे, तोवर शेजारी झोपव.

औषधवाला :
स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्यात का? दिल्या असतील तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आणि आजोबांना नवीन पंप आधी आणून दे.