सल्ला हवा: कुत्र्याच्या पांथरीत (प्लीहेत) गाठ, सोनोग्राफीला कुठे न्यावं?

सडेकर: मुक्काम देवगड. लॅब्रॅडॉर, नर, वय ९, वजन ३१ किलो. डॉक्टरांच्या हाताला पोटात डावीकडे गाठ लागली, पांथरीची असावी म्हणाले. कोल्हापूर की मुंबई? तयारी काय करायची?

खाडीकाठ: आधी हिरड्या बघा. पांढुरक्या दिसत असतील किंवा पोट एकाएकी फुगलं असेल, तर गाठ फुटून आत रक्त जात असू शकतं. मग गाव निवडत बसू नका, जवळचा दवाखाना गाठा. तसं नसेल तर गगनबावड्यावरून कोल्हापूर जवळ. घाट सुरू आहे का ते विचारून निघा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल. दोन्हीकडे फोन करून वेळ घ्या.

८ ते १२ तास उपाशी ठेवा, पाणी द्या. पोटात वायू असला की त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. बरगडीपासून जांघेपर्यंत केस भादरतील, नको म्हणू नका. केसांत अडकलेल्या हवेनेही चित्र बिघडतं.

सडेकर: भूल लागेल?

खाडीकाठ: शांत असेल तर नाही. उताणा झोपवून पुढचे पाय तुम्हीच धरा. गुंगीचं औषध द्यावंच लागलं तर कोणतं ते रिपोर्टात लिहून घ्या. एसेप्रोमॅझिनने पांथरी मोठी दिसते.

रानमोगरा: एक गोष्ट पक्की धरून जा: गाठ कॅन्सरची आहे का, ते सोनोग्राफी ठरवत नाही. साधा रक्ताचा गोळा आणि हिमँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) पडद्यावर अगदी सारखे दिसू शकतात. यकृतात ठिपके दिसले म्हणून लगेच आशा सोडू नका, म्हाताऱ्या कुत्र्यांत निरुपद्रवी गाठीही असतात.

रिपोर्टात गाठीचं माप, ती भरीव की पोकळ्यांची, पोटात मोकळं पाणी आहे का, हे हवंच. हृदयाचा उजवा वरचा कप्पा त्याच फेरीत बघायला सांगा, हिमँजिओसार्कोमा तिथेही असू शकतो. छातीचे एक्सरे तीन: दोन्ही कुशींवर आणि एक उताणं. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि गोचीड ताप. आपल्याकडे गोचिडी फार, आणि त्या तापानेही पांथरी सुजते. पण ती बहुधा सगळीच सारखी वाढते, एकाच जागी गोळा होत नाही.

पोकळ्यांची गाठ पेशी काढायला सुईने टोचायची घाई नको. हाती बहुधा नुसतं रक्त येतं आणि आत रक्तस्रावाचा धोका. अशा वेळी पांथरी काढून ती तपासणीला पाठवणंच बरं. भरीव असेल तर २२ गेजची बारीक सुई पुरते. त्या पेशींच्या काचेच्या स्लाइड लगेच पंख्याखाली वाळवायला सांगा, पावसाळी दमट हवेत सावकाश वाळल्या की पेशी बिघडतात. फॉर्मॅलिनच्या (काढलेला तुकडा टिकवायच्या द्रवाच्या) डबीबरोबर एका पिशवीत तर मुळीच नको, वाफेने रंग धरत नाही.

आणि नुसता कागद घेऊन परतू नका. फोटो, व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मागा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तेच लागतात.