गच्चीवर कॅनमधली वाइन: मे महिन्यात थंड कशी ठेवायची?

गच्चीकर
शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला गच्चीवर १२ जणांचा बेत आहे. सगळे अनवाणी वावरणार, त्यामुळे काचेच्या बाटल्या नकोत. २५० मिलीचे २४ कॅन घेतलेत: निम्मे शेनिन ब्लां (व्हाइट), आठ रोझे (गुलाबी), चार रेड. दुपारी पारा ३८ च्या वर आणि घरचा फ्रीज आमरसाने व्यापलेला.
१) बर्फ किती लागेल? किती वेळ आधी घालू?
२) वेळ कमी पडला तर फ्रीजर चालेल का?
३) याआधी दुसऱ्या एका लेबलचे दोन कॅन फोडले तर सडक्या अंड्यासारखा वास आला. माल खराब होता की ठेवण्यात चूक?
४) साध्या वाइनच्या कॅनलाही फोडताना 'फस्स' आवाज येतो. आत गॅस असतो का?

मोजूनमापून
बर्फाचा हिशेब सरळ आहे. २४ कॅन म्हणजे ६ लिटर वाइन. ती ३६ अंशांवरून ८ वर आणायलाच सव्वादोन किलोच्या आसपास बर्फ वितळतो. त्यात टबातलं पाणी थंड करायला लागणारा बर्फ आणि संध्याकाळची गरम हवा धरा. ८ किलो बर्फ आणि ४ लिटर पाणी घ्या, त्याहून कमी नको. कॅन आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवता आले तर ४ किलोत भागेल. आमरसाचं पातेलं एक कप्पा वर सरकवा की.

नुसता बर्फ घालू नका, लोक इथेच चुकतात. बर्फाचे खडे कॅनला चार-दोन ठिकाणी टेकतात, मध्ये हवाच राहते. पाणी असलं की कॅन सगळीकडून गार होतो. बर्फ-पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला कॅन वीस-पंचवीस मिनिटांत पिण्याजोगा होतो. घाईच असेल तर पाव किलो खडेमीठ टाका आणि दर दोन मिनिटांनी कॅन हाताने फिरवा, दहा-बारा मिनिटांत काम होतं. फिरवा म्हणजे जागच्या जागी फिरवा, हलवू नका. स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) असेल तर निम्मी वाइन गच्चीला मिळेल.

मिठाचा टब फक्त पहिल्या खेपेपुरता. त्यातलं पाणी शून्याच्या खाली जातं. कॅन संध्याकाळभर त्यात राहिले तर वाइन इतकी गार होते की जिभेला गारव्याशिवाय काही कळत नाही.

फ्रीजर: २५ मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. १२ टक्क्यांची वाइन उणे ५-६ अंशांना गोठायला लागते आणि घरचा फ्रीजर उणे १८ ला असतो. गोठताना ती फुगते. बाटलीचं बूच निदान वर सरकतं, कॅनला सरकायला काहीच नाही. आधी झाकण फुगतं, मग झाकणाची शिवण उसवते. झाकण फुगलेला कॅन वितळवून प्यायच्या भानगडीत पडू नका.

ओलापंचा
बर्फाचा एवढा पसारा कशाला? आपल्याकडे मे मध्ये हवा कोरडी असते. ओल्या पंच्यात कॅन गुंडाळून वाऱ्यावर ठेवा, माठासारखे गार होतात.

मोजूनमापून
@ओलापंचा, माठासारखे होतात हे खरंच, पण माठाच्या पुढे जात नाहीत. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तर ओलं कापड फार तर २१-२२ पर्यंत उतरतं. व्हाइट आणि रोझेला ८ ते १० हवेत. रेडसाठी मात्र पंचा उत्तम, आणि नंतर दहा मिनिटं बर्फ-पाणी. १४-१५ अंशांची रेड उन्हाळ्यात छान लागते. 'रेड रूम टेम्परेचरला प्यावी' हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे, आपल्या गच्चीचा नाही.

टाकीवाला
तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

'फस्स' बहुधा नायट्रोजनचा. कॅनचा पत्रा अगदी पातळ असतो, आतून दाब नसेल तर चेपतो. म्हणून साध्या वाइनमध्ये सील करण्याच्या क्षणी द्रवरूप नायट्रोजनचा थेंब सोडतात. त्याचा गॅस होतो, वरची हवा बाहेर ढकलतो आणि कॅन टणक राहतो. चवीला काही फरक पडत नाही.

वासाची गोष्ट वेगळी. तो हायड्रोजन सल्फाइड. कॅनला आतून प्लास्टिकसारखा लेप असतो, त्यामुळे वाइन थेट अॅल्युमिनियमला लागत नाही. पण वाइन टिकावी म्हणून घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा मुक्त रेणूच्या रूपातला भाग लेपातून आरपार जातो, धातूशी त्याची क्रिया होते आणि हा वास तयार होतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधनातून हे पुढे आलं. कॅनमध्ये भरायच्या वाइनमध्ये हा भाग लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली ठेवावा असं सांगतात. वाइन जितकी आंबट तितका तो वाटा मोठा, म्हणून करकरीत व्हाइटमध्ये धोका जास्त. बाटलीसाठी बेतलेली वाइन तशीच कॅनमध्ये भरली की हे होतं. म्हणजे मूळ चूक भरणाऱ्याची, पण उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर पडलेला खोका किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी, दोन्ही वाईट.

घेताना पॅकिंगची तारीख बघा. सहा महिन्यांच्या आतला घ्या, वर्ष उलटलेला मी तरी घेणार नाही. शिवणीवर चेपलेला कॅन सोडून द्या, तिथे लेपाला तडा जातो.

वास आलाच तर वाइन ग्लासात ओता, गोल फिरवा, पाच मिनिटं थांबा. सौम्य असेल तर उडून जातो. नाही गेला तर देवघरातली तांब्याची पळी (चिंचेने लखलखीत घासून धुतलेली) अर्धा मिनिट ग्लासात फिरवा. तांबं तो वास धरून ठेवतं. पळी ग्लासात ठेवून देऊ नका, आंबट वाइनमध्ये तांबं उतरतं. आजी पळी देत नसेल तर तांब्याची जाड तार चालते, वरचा मुलामा खरवडून. तरीही वास राहिला तर बेसिनमध्ये.

कोथिंबीरवडी
दोन गोष्टी राहिल्या.

कॅन छोटा दिसतो म्हणून फसू नका. १२.५ टक्क्यांच्या २५० मिलीत ३१ मिली अल्कोहोल असतं. म्हणजे ५ टक्क्यांच्या ६५० मिली बिअरच्या अख्ख्या बाटलीएवढं. माणशी दोन कॅन भरपूर झाले, सोबत तेवढंच पाणी. सगळे कॅन एकाच मापाचे नसतात हेही बघा: 'टिल्ट' ब्रँडचा कॅन २५० मिलीचा, तर सुलाचा 'दिया' ३३० चा, आणि तो स्पार्कलिंग. गाडी चालवणाऱ्याला कोकम सरबत. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एका कॅनमध्येही ओलांडली जाऊ शकते.

दुसरं, थेट कॅनमधून पिऊ नका. तेवढ्याशा भोकातून वास नाकापर्यंत पोचत नाही आणि तळहाताने पत्रा भराभर तापतो. स्टीलचे छोटे पेले चालतील. एका वेळी १०० मिली ओता, उरलेला कॅन परत टबात.

खायला मिसळ ठेवणार असाल तर तर्री बेताची. तिखटावर रेड आणखी झोंबते, किंचित गोडसर शेनिन निभावून नेते. कोथिंबीर वडी आणि रोझे, डोळे मिटून.

गच्चीकर
सगळ्यांचे आभार, पळीची परवानगी मागतो. ग्लासात बर्फ टाकलेला चालेल का? लादी आणणार आहे.

मोजूनमापून
लादीचा बर्फ फक्त टबात. खायचा नसलेला बर्फ निळसर असावा असा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खायचाच असं समजू नका. ग्लाससाठी थॉमसन द्राक्षं घ्या: धुऊन, कोरडी करून, ताटात सुटी पसरून चार तास फ्रीजरमध्ये. पेल्यात पाच-सहा टाकली की वाइन गार राहते आणि पाणचट होत नाही. मे मध्ये द्राक्षं संपत आलेली असतात, आजच बाजारात बघा.

आणि मिठाच्या टबातून काढलेला कॅन फोडण्याआधी वरून पुसून घ्या, नाहीतर पहिला घोट खारट.